पोलिओच्या थेंबातलं एक अक्षर आणि पेशीतले फितूर

कुंभारमाशी

गेल्या पल्स पोलिओच्या रविवारी भाच्याला घेऊन अंगणवाडीत गेले होते. ताईंनी निळ्या डब्यातून बाटली काढली, लेबलवरचा चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे ना हे उजेडात धरून पाहिलं, दोन थेंब तोंडात टाकले आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाईची रेघ ओढली. पोरगं रडायच्या आत काम झालं. परतताना बहिणीने विचारलं, "यात जिवंत विषाणू असतो म्हणतात. मग पोलिओ कसा होत नाही?" मी म्हटलं, दुबळा केलेला असतो. "दुबळा म्हणजे काय? उपाशी ठेवतात का त्याला?"

सहा वर्षं प्रयोगशाळेत विषाणूंच्या आरएनएवर, म्हणजे त्यांच्या जनुकीय चिठ्ठीवर, घालवली, तरी रिक्षात बसल्या बसल्या धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

सध्या आपल्याकडच्या थेंबांत प्रकार १ आणि प्रकार ३ असे दोन पोलिओ विषाणू असतात. प्रकार ३ घेऊ. पोलिओचा सगळा संसार म्हणजे साधारण ७,४४० अक्षरांची आरएनएची एक पट्टी. त्यातल्या सुरुवातीच्या ७४० च्या आसपास अक्षरांतून कुठलंच प्रथिन बनत नाही. आणि सेबिन यांच्या लशीतला (तोंडाने द्यायचे हे थेंब त्यांचेच) प्रकार ३ दुबळा असण्याची जी दोन मुख्य कारणं, त्यातलं एक नेमकं या 'बिनकामाच्या' तुकड्यात आहे. ४७२ व्या जागी जंगली विषाणूत 'सी' असतो, लशीत 'यू'. बस्स. एक अक्षर.

ज्या भागातून काही बनतच नाही, तिथलं अक्षर बदलून काय फरक पडावा? फरक पडतो, कारण तो भाग स्वतः वाचला जात नसला तरी पुढचं वाचायचं की नाही ते तिथे ठरतं.

आपल्या पेशीच्या संदेश-आरएनएला पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. ४ई नावाचं प्रथिन ती टोपी ओळखतं. त्याला ४जी हे लांबलचक प्रथिन चिकटतं आणि ते रायबोसोमचा, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राचा, छोटा भाग ओढून आणतं. मग तो भाग टोकापासून चालत निघतो आणि पहिलं एयूजी, म्हणजे 'इथून वाचा' सांगणारी तीन अक्षरं, दिसलं की तिथून वाचन सुरू. मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे चित्र आजही बहुतेक संदेशांना लागू पडतं.

पोलिओला टोपीच नाही. विषाणूच्या डबीत असताना टोकाला २२ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन असतं, पेशीत आल्यावर तेही काढलं जातं. शिवाय ती ७४० अक्षरं सरळ नाहीत. ती स्वतःवरच दुमडून त्यांच्या हेअरपिनी झालेल्या, एकापुढे एक. चालत जायचं म्हटलं तर घाटातला रस्ता. १९८८ मध्ये मॉन्ट्रियलला पेलेटिये आणि सोनेनबर्ग यांनी पोलिओत, आणि स्टोनी ब्रूकला विमर यांच्या गटाने त्याच्या एका नातेवाईक विषाणूत दाखवलं की रायबोसोम इथे टोकाकडून येतच नाही, थेट मध्ये उतरतो. त्या उतरण्याच्या जागेला आयआरईएस म्हणतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर आरएनएची करामत म्हणून सोडून दिलं असतं. पण मी हे हाताने केलंय, म्हणून सांगते. सशाच्या कोवळ्या लाल पेशींचा अर्क मिळतो, उणे ८० वरून काढून बर्फावर वितळवायचा. दिसायला अगदी डाळिंबाच्या रसासारखा. त्यात कुठलाही टोपीवाला आरएनए आणि किरणोत्सारी गंधक असलेलं मेथिओनिन टाका, ३० अंशाला तासभर ठेवा, बनलेली प्रथिनं जेलीच्या पातळ थरातून (जेल) आकारानुसार वेगळी करा, सुकवून एक्स-रे फिल्म लावा. अंधाऱ्या खोलीतून फिल्म बाहेर आली की स्वच्छ, रेखीव पट्टे, एकेक पट्टा म्हणजे एकेक प्रथिन. आता पोलिओचा आरएनए टाका. फिल्मवर अपेक्षित पट्टे फिकट, आणि भलतेच पट्टे ठळक. रायबोसोम चुकीच्या जागी, पार शेवटाकडे उतरून वाचत सुटलेला असतो. आता त्याच नळीत थोडा हेला पेशींचा अर्क घाला. हेला म्हणजे माणसाच्या कर्करोगाच्या पेशी. भलते पट्टे विरतात, खरे उठून दिसतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी फिल्म उलटी तर धरली नाही ना, म्हणून परत बघितली होती.

रायबोसोम सशाकडेही होता. मग माणसाच्या पेशीत असं काय जास्तीचं होतं? ते शोधता शोधता प्रथिनांची नावं पुढे आली. ५२ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) एक, ते निघालं 'ला'. ५७ चं एक, ते निघालं पीटीबी. दोघांचीही ओळख १९९३ मध्ये पटली. पुढे पीसीबीपी२. यातलं एकही विषाणूसाठी बनलेलं नाही. पीटीबी केंद्रकात बसून आपल्या संदेशांतले कुठले तुकडे ठेवायचे, कुठले कापायचे यात लुडबुड करतं. 'ला' नव्या छोट्या आरएनएंची शेपटी धरून ठेवतं. पीसीबीपी२ हिमोग्लोबिनच्या संदेशाला टिकवायला मदत करतं. घरची कामं करणारी ही माणसं शत्रूच्या आरएनएला बिलगतात आणि त्याचं वाचन सुरू करून देतात. मी यांना फितूर म्हणते.

आणि ४७२? ते पाचव्या हेअरपिनीत आहे. ४जी आणि पीटीबी जिथे येऊन बसतात, नेमकी ती. सी-जी ही घट्ट जोडी जाऊन यू-जी ही सैल जोडी आली की हेअरपिनीचा तो सांधा ढिला पडतो, दोघांचीही पकड सैल पडते आणि वाचन मंदावतं. बहिणीला हेच सांगायचं होतं. उपाशी नाही ठेवत, त्याची चिठ्ठी जरा वाचायला अवघड करतात.

बाकी प्रतिसादांत.

नेत्रपल्लवी

सुंदर! डाळिंबाचा रस आवडला. एक अडाणी शंका. पीटीबी केंद्रकात बसतं म्हणालात. पोलिओचा आरएनए केंद्रकात जातो का? नसेल तर हे भेटतात कुठे?

कुंभारमाशी

नेत्रपल्लवी, अजिबात अडाणी नाही, परीक्षेत विचारतात. पोलिओ केंद्रकाच्या बाहेरच सगळा कारभार उरकतो. पीटीबी ये-जा करणारं प्रथिन आहे, थोडंफार बाहेर असतंच. पण खरी गंमत पुढे. विषाणूचं पहिलं वाचन झालं की त्यातून २ए नावाची कात्री तयार होते. ती केंद्रकाच्या वेशीवरची, म्हणजे छिद्रांतली प्रथिनं कुरतडते. वेस ढासळली की आतली मंडळी बाहेर सांडतात आणि परत जाऊ शकत नाहीत. पीटीबी, 'ला', आणखी बरीच.

हीच कात्री ४जीचे दोन तुकडे करते. टोपी ओळखणाऱ्या ४ईला धरणारा तुकडा वेगळा, रायबोसोम आणणारा वेगळा. आपल्या संदेशांचं वाचन काही तासांत बंद. पोलिओच्या आयआरईएसला मात्र टोपीशी देणंघेणं नाही, उरलेला तुकडा पुरतो. दुकान आपलं, गिऱ्हाईक एकच.

उंटावरचा_शहाणा

थोडक्यात, किल्ल्याचे दरवाजे आतून उघडले. सूर्याजी पिसाळ प्रथिन.

खुरपीवाला

मी जनावरांचा डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यात. पोलिओचं मला फारसं कळत नाही, पण हा खानदानी कारभार ओळखीचा वाटला. लाळ्या-खुरकूतचा विषाणू पोलिओच्याच कुळातला. त्यालाही टोपी नाही, त्यालाही आयआरईएस. आम्ही वर्षातून दोनदा लस टोचत गोठे पालथे घालतो.

एक गोष्ट नेहमी छळते. मोठ्या गाईला तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, दूध आटतं, पण बहुतेक वेळा ती उठते. दूधपितं वासरू मात्र एकही फोड न येता सकाळी मेलेलं सापडतं. फाडलं की हृदयाच्या स्नायूवर पिवळट-पांढरे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. मेंदूला मात्र हा विषाणू सहसा हात लावत नाही. पोलिओ मज्जातंतूंवर जातो, हा जात नाही. याचा या फितुरांशी काही संबंध आहे का?

कुंभारमाशी

खुरपीवाला, वासराच्या हृदयाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण मेंदूच्या प्रश्नावर २००० मध्ये एक फार देखणा प्रयोग झालाय. उंदरांच्या मेंदूत धुमाकूळ घालणारा थायलर नावाचा विषाणू आहे, याच कुळातला. त्याचा आयआरईएस काढून तिथे लाळ्या-खुरकूतचा बसवला. बाकी विषाणू तोच. उंदरांच्या मेंदूवरचा त्याचा जोर साफ गेला.

मग त्यांनी वाचनाचे सगळे सुटे भाग वेगवेगळे शुद्ध करून नळीत पुन्हा एकत्र आणले. दोन्ही आयआरईएसना नेहमीचे घटक लागतात आणि पीटीबी लागतं. लाळ्या-खुरकूतच्या आयआरईएसला त्याशिवाय आणखी एक प्रथिन लागतं, आयटीएएफ४५. हे प्रथिन विभाजन चालू असलेल्या पेशींत असतं. उंदराच्या मेंदूच्या पेशींत ते नसतं. म्हणजे चावी तीच, कुलूप तेच, पण दुसरी चावी ज्या शेजाऱ्याकडे असते तो शेजारीच त्या वाड्यात राहत नाही.

खुरपीवाला

हे जबरदस्त आहे. उद्या शिबिरात सांगतो. शेतकरी म्हणतील, डॉक्टर, सुई टोचा आणि निघा.

तर्कट

धागा छान, पण जरा थंड पाणी ओततो. 'अमुक प्रथिन विषाणूच्या आरएनएला चिकटतं' हे दाखवणं फार सोपं आहे. पीटीबी पिरिमिडिनची, म्हणजे सी आणि यू या अक्षरांची, माळ दिसली की चिकटतं. 'ला' तर यू दिसले की चिकटतं. आरएनएला चिकटणारी प्रथिनं पेशीत शेकड्यांनी आहेत, त्यातली निम्मी एखाद्या आयआरईएसला चिकटलेली सापडतील. चिकटलं म्हणजे काम करतं असं नाही.

२०१४ मध्ये ब्रुकलिनच्या गटाने पोलिओचं वाचन शुद्ध घटकांतून पुन्हा उभारलं. नेहमीचे घटक, आणि त्याखेरीज फक्त एक प्रथिन अनिवार्य ठरलं: पीसीबीपी२. पीटीबी आणि 'ला' न घालताही रायबोसोम योग्य जागी बसला. मग तुमचे बाकीचे फितूर नक्की काय करत होते?

दुसरं, ४७२ मुळे मज्जातंतूंत वाचन मंदावतं आणि आतड्यात नाही, म्हणून लस सुरक्षित, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २००४ मध्ये काउडर आणि रॅकानिएलो यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या अवयवांत आयआरईएस घालून मोजलं. लशीतला बदल असलेला आयआरईएस सगळीकडेच ढिला पडला, फक्त मेंदूत नाही. तुमचं अक्षर मेंदू आणि आतडं यांत भेदभाव करत नाही.

कुंभारमाशी

तर्कट, तुमची वाट पाहतच होते :)

दुसरा मुद्दा आधी. मान्य. मी लेखात 'मज्जातंतूंत' हा शब्द मुद्दाम टाळलाय, बघा. विरुद्ध बाजूचंही सांगून टाकते. त्याच वर्षी आणखी एक काम आलं. प्रकार ३ च्या या बदलामुळे पीटीबीची पकड सैल होते, आणि कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाच्या मज्जारज्जूत बाहेरून जास्तीचं पीटीबी पुरवलं तर लशीच्या आयआरईएसचं वाचन सुधारतं. ही दोन्ही कामं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. अक्षर सगळीकडेच वाचन मंदावतं असं समजा. मज्जातंतूत आधीच हे प्रथिन कमी असेल तर तिथे तेवढं मंदावणं महागात पडतं. पण हे माझं मत, सिद्ध झालेलं नाही.

पहिला मुद्दा. पीसीबीपी२ अनिवार्य, बाकीचे नाहीत, हेही मान्य. पण 'नसलं तर अडतं' आणि 'असलं तर बरं चालतं' यांत फरक आहे. केंब्रिजच्या जॅक्सन यांच्या गटाने २०१० मध्ये पीटीबीला आरएनए कापणारी रसायनं जोडून ते कुठे बसतं ते शोधलं. पीटीबीचा एकच रेणू त्या पाचव्या हेअरपिनीच्या भागात बसतो आणि ४जी किती नीट बसेल यावर परिणाम करतो. ते दार उघडत नाही, बिजागरीत तेल घालतं. तेलावाचून दार उघडतंच, पण करकरत.

'ला'च्या बाबतीत मीही तुमच्या बाजूची आहे. भलते पट्टे विरायला बरंच 'ला' घालावं लागायचं. पेशीत तेवढं कुठून यायचं, हा प्रश्न आमच्या बाईसुद्धा विचारायच्या.

तर्कट

बिजागरीतलं तेल मान्य. फितूर शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे. फितुराला मोबदला मिळतो. या प्रथिनांना काय मिळतं? वेशीची भिंत पाडून बाहेर ओढलेली, काम झालं की कापून टाकलेली माणसं. ही वेठबिगारी आहे.

सोनचाफा_७२

इथे 'ला'चं नाव वाचून दचकलेच. माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर हाच शब्द आहे. दोन वर्षं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरायचा नाही. चष्मे बदलून झाले, तुपाचे थेंब घालून झाले. एका डॉक्टरांनी तर वयाचा परिणाम म्हणून परत पाठवलं. शेवटी एका तरुण मुलीने 'अँटी-रो, अँटी-ला' तपासायला सांगितलं, दोन्ही पॉझिटिव्ह. शोग्रेन म्हणाल्या, म्हणजे शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठतं तो आजार. तेच का हे 'ला'? असेल तर एक विचित्र प्रश्न आहे, हसू नका. माझं शरीर 'ला'च्या विरुद्ध प्रतिपिंडं बनवतंय, म्हणजे फितुराच्याच विरुद्ध. मग मला या विषाणूंपासून संरक्षण मिळतं का?

कुंभारमाशी

सोनचाफा ताई, हसण्यासारखं काहीच नाही. हो, तेच 'ला'. या प्रथिनाची पहिली ओळख विषाणूंमुळे झालीच नाही, तुमच्यासारख्या रुग्णांच्या रक्तामुळे झाली. 'रो' आणि 'ला' ही रुग्णांच्या नावांतली अक्षरं आहेत. पोलिओवाले ५२ किलोडाल्टनचं ते अनोळखी प्रथिन घेऊन बसले होते, तेव्हा रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं आधीच हाताशी होती. आम्हीही ती प्रतिपिंडं वापरली आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुर्दैवाने 'नाही'. प्रतिपिंडं रक्तात आणि पेशींच्या बाहेर फिरतात, जिवंत पेशीच्या आत सहसा शिरत नाहीत. विषाणू आणि 'ला'ची गाठ आत पडते. डोळ्यांची काळजी घ्या.

बंगळूरकर

'ला'ला एवढ्यात निकालात काढू नका. पोलिओत त्याचं काम दुय्यम असेल, पण हिपॅटायटिस सी मध्ये नाही. इथल्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) सौमित्र दास यांच्या गटाने या एका प्रथिनावर बरीच वर्षं काम केलंय. हिपॅटायटिस सी चा आयआरईएस वेगळ्या घराण्याचा. त्याला ४ई, ४जी काहीच लागत नाही, रायबोसोमचा छोटा भाग थेट त्यालाच चिकटतो. तरीही 'ला' तिथे येतं, आणि वाचन जिथून सुरू व्हायचं त्या एयूजीच्या अगदी जवळच्या 'जीसीएसी' या चार अक्षरांना धरतं. त्यांनी 'ला'चाच एक छोटा तुकडा घेतला. तो त्या जागी बसून राहतो, पूर्ण 'ला'ला येऊ देत नाही, आणि विषाणूचं वाचन कमी होतं. रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात तसं.

२०१५ मध्ये त्याच गटाने त्या आरएनएच्या दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगितली. तिथे पीटीबी बसलेलं असतं. हूर नावाचं प्रथिन येऊन त्याला हुसकावतं, मग 'ला'ला जागा मिळते आणि आरएनएच्या नकला निघायला लागतात. वाचन आणि नक्कल ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कोण कुठे बसलंय यावर कुठलं चालणार ते ठरतं.

कुंभारमाशी

बंगळूरकर, या नक्कल प्रकरणासाठी मी वेगळा धागा काढणार होते, पण आता विषय निघालाच आहे तर पोलिओपुरतं इथेच सांगते. मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त आवडतं.

अडचण अशी. रायबोसोम आरएनएवर पुढच्या टोकाकडून मागे जातो. नकला काढणारं विषाणूचं यंत्र मागच्या टोकाकडून पुढे येतं. पट्टी एकच. कोकण रेल्वेचा एकेरी रूळ डोळ्यांसमोर आणा. मांडवी आणि मालगाडी एकाच वेळी सोडल्या तर काय होईल? कुणीतरी एकीला स्टेशनात थांबवून दुसरीला वाट द्यायला हवी. पण विषाणूकडे स्टेशनमास्तर नाही. तो पेशीतला घेतो: तर्कट यांचं लाडकं पीसीबीपी२.

सुरुवातीला पीसीबीपी२ चौथ्या हेअरपिनीवर बसतं, एसआरपी२० नावाच्या जोडीदाराबरोबर वाचन चालवतं. प्रथिनं तयार होत राहतात, त्यांत ३सी ही दुसरी कात्री असते. कात्र्या पुरेशा जमल्या की त्यातली एक पीसीबीपी२ चा शेवटचा भाग उडवते. आता ते चौथ्या हेअरपिनीवर काम करू शकत नाही, वाचन मंदावतं. पण अगदी टोकाला तीन पानी बेलासारखा दिसणारा एक घडीचा भाग आहे, तिथे ते कापलेलं प्रथिनही बसू शकतं. तिथे त्याच्याजवळ विषाणूचं स्वतःचं प्रथिन येतं आणि नकलांची तयारी सुरू होते. पीटीबीलाही ३सी कापते, तेही वाचनातून बाद. दोन्ही गाड्या समोरासमोर येत नाहीत.

घड्याळ कुठेच नाही. किती वाचन झालं याचं मोजमाप म्हणजे कात्र्या किती साचल्या. वाचन पुरेसं झाल्याशिवाय ते थांबवणारी कात्री पुरेशी होतच नाही. गामारनिक आणि अँडिनो यांनी १९९८ मध्ये या बदलाची कल्पना मांडली. पीसीबीपी२ कापलं जाण्याचा भाग सेमलर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवला.

तर्कट, 'काम झालं की कापून टाकलेली' हे तुम्ही अंदाजाने लिहिलंत, ते शब्दशः खरं निघालं. वेठबिगारीच.

तर्कट

अंदाजाने नाही, २००७ चा पेपर वाचलाय :) पण शब्द मागे घेतल्याबद्दल धन्यवाद.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे माझा सूर्याजी पिसाळ बाद?

मॉन्ट्रियलचा_मावळा

सगळेच वेठबिगार नाहीत, काही पहारेकरीही आहेत. एयूएफ१ हे असंच केंद्रकातलं प्रथिन. वेस पडली की तेही बाहेर सांडतं आणि आयआरईएसला चिकटतं, पण वाचन वाढवत नाही, दाबतं. विषाणू मग त्यालाही ३सीने कापतो. एकाच कात्रीने मदतनीसही कापायचा आणि अडवणाराही.

पावसाळ्यात लहान मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड येतात, त्या आजारामागे असणारा एन्टरोव्हायरस ७१ तर आणखी पुढचा. एफबीपी२ नावाचं प्रथिन त्याचं वाचन दाबतं. संसर्गात ते कापलं जातं, आणि उरलेला तुकडा उलट वाचन वाढवतो. पहारेकऱ्याचा हात तोडून त्याच हाताने कुलूप काढायचं.

आता अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या, मेंदूतल्या गाठींवरच्या प्रयोगाबद्दलही कुणीतरी लिहा. मी लिहिलं असतं, पण इथे रात्रीचे दोन वाजलेत.

नेत्रपल्लवी

झोपा तुम्ही, मी लिहिते, मला तेवढं माहीत आहे. माझ्या मावशीला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला घातक कर्करोग, होता, त्या वर्षी मी रात्र रात्र हेच वाचत बसायचे.

ग्रोमायर आणि विमर यांनी १९९६ मध्ये पोलिओच्या विषाणूतला आयआरईएस काढून तिथे सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचा बसवला. विषाणू पोलिओचाच, पण मज्जातंतूंत वाढेना. नंतर कळलं की मज्जातंतूंत डीआरबीपी७६ आणि एनएफ४५ या प्रथिनांची जोडी त्या परक्या आयआरईएसला धरून बसते आणि वाचन होऊ देत नाही. गाठीच्या पेशींत ही अडवणूक होत नाही. म्हणजे गाठीत वाढेल आणि निरोगी मज्जातंतूंना सोडेल. म्हणून लशीच्या विषाणूत हाच बदल करून तो थेट गाठीत सोडण्याची चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आले. ६१ रुग्ण, तीन वर्षांनी २१ टक्के जिवंत. तशाच आधीच्या रुग्णांच्या नोंदींत ते प्रमाण ४ टक्के होतं. पहिल्या टप्प्याची चाचणी होती, शेजारी तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे आकड्यांवर फार उडी मारू नये, हे मला तेव्हाही एका डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मावशीच्या वेळी आमच्यासाठी यातलं काहीच उपलब्ध नव्हतं.

सोनचाफा_७२

नेत्रपल्लवी, 🙏

खुरपीवाला

परत मूळ मुद्द्यावर येतो, कारण आमच्या लशींत हा प्रश्न कायम असतो. एका अक्षराने दुबळा केलेला विषाणू त्याच अक्षराने परत धष्टपुष्ट होणार नाही का? आरएनएच्या नकलांत चुका तर होतच असतात.

कुंभारमाशी

होतो. आणि पटकन होतो. प्रकार ३ च्या लशीतलं ४७२ चं 'यू' बाळाच्या आतड्यात काही दिवसांत परत 'सी' होताना १९८५ मध्येच सापडलंय. जिथे सगळी मुलं डोस घेतलेली असतात तिथे त्याने काही बिघडत नाही, त्याला पुढे जायला वाट मिळत नाही. जिथे बरीच मुलं डोसाविना राहतात तिथे तो या पोटातून त्या पोटात फिरत राहतो आणि पुन्हा जंगली वागायला लागतो. प्रकार २ ने हा त्रास सर्वांत जास्त दिला. जंगली प्रकार २ चा जगातला शेवटचा रुग्ण १९९९ मध्ये आपल्याच देशात, अलीगढला सापडला. त्यानंतर जगात प्रकार २ चा जो पोलिओ झाला तो जवळजवळ सगळा लशीतूनच उलटलेला. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून प्रकार २ काढला, आणि आपल्याकडे त्याआधीच टोचायची मृत लस सुरू झाली.

नवी प्रकार २ ची लस आली ती याच हेअरपिनीवर बेतलेली. पाचव्या हेअरपिनीतल्या जोड्या अशा बदलल्या आहेत की कुठलंही एक अक्षर बदललं तर जोडी घट्ट व्हायच्या ऐवजी तुटते किंवा आणखी सैल पडते. घट्ट करायची तर दोन्ही बाजूंची अक्षरं एकदम बदलावी लागतात, आणि तसा योग विरळा. त्याखेरीज नकला काढणाऱ्या यंत्रातही फेरफार आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला आपत्कालीन मान्यता दिली, मार्च २०२१ पासून आफ्रिकेत वापर सुरू झाला.

तर्कट

तीही काही ठिकाणी उलटल्याचं सापडलंय, हे नोंदवून ठेवतो. आधीच्या लशीपेक्षा खूपच कमी वेळा, हेही नोंदवतो. पाचवी हेअरपिन शाबूत असली तरी विषाणू दुसऱ्या एन्टरोव्हायरसशी, म्हणजे पोलिओच्याच गटातल्या भाऊबंदाशी, तुकड्यांची अदलाबदल करून वाट काढतो.

कुंभारमाशी

बरोबर. अदलाबदलीवर वेगळा धागा काढा ना तुम्ही, मी येते भांडायला.

उंटावरचा_शहाणा

बहिणीला सांगितलंत का शेवटी?

कुंभारमाशी

सांगितलं. काल फोनवर, पाऊण तास. हेअरपिनीपर्यंत व्यवस्थित ऐकत होती. कोकण रेल्वे आली तेव्हा म्हणाली, थांब, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

नेत्रपल्लवी

त्या फिल्मचा फोटो आहे का? भलत्या पट्ट्यांची आणि नंतरची?

कुंभारमाशी

एक जोडी आईकडे माळ्यावरच्या ट्रंकेत असावी. बाकीच्या प्रयोगशाळेतच राहिल्या. हेलाचे अर्क तर तेव्हाच गेले होते. कुणाकडून तरी उणे ८० च्या फ्रीझरचं दार शनिवारी नीट लागलं नाही आणि सोमवारी दोन महिन्यांचं काम खालच्या ट्रेमध्ये पाणी होऊन साचलेलं. दिवाळीत गेले की ट्रंक उघडते. सापडली तर इथेच टाकेन.